पूर्वेचा समुद्र

मेन राज्यातल्या त्या बेटावर आम्ही राहायचो त्या हर्नडनहून लाँग वीकेंडला गेलो होतो, २००४ साली. समुद्रात सरळ तुटलेल्या कड्यावर दिवसभर धुकं होतं. माझे मित्र वैतागून गाडीत जाऊन बसले. एका खडकावर मात्र एक काका ठाण मांडून होते. डोक्याला कानटोपी, धोतराखाली मुलाचे असावेत असे मोठे स्नीकर्स.

मित्रांशी बोलताना माझं मराठी त्यांनी ऐकलं असावं; तेच बोलले, "धुकं हटलं की सूर्य बुडताना दिसेल. गुहागरला रोज बघतो."

मला हसू आलं. "काका, हा पूर्वेचा समुद्र. इथे सूर्य मागे मावळतो, पार्किंग लॉटकडे."

ते ओशाळले. मागे वळून बघितलं, मग पुन्हा समोर. "म्हणजे आपलं घर या बाजूला?"

"हो. पण फार लांब."

"मुलगा इकडे आला तेव्हापासून आमची ही रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन समुद्राकडे बघत बसायची. अगदी वारली त्या आठवड्यापर्यंत. मी चेष्टा करायचो, काय दिसतंय तुला तिकडे?"

मागून मुलाने हाक मारली, "बाबा, चला, गारठाल!"

काका उठले. खाडीपलीकडच्या माणसाला करतात तसा त्यांनी धुक्याकडे उंच हात केला, आणि पलीकडूनही हात व्हायची वाट बघावी तसे थोडे थांबले.

आमच्या नागपूरला समुद्र नाही. माझी आई कुठे बघत बसते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.