गुळणीचं पाणी

माझ्या नवऱ्यानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही, आणि तोंडाचा कॅन्सर झाला मला. दवाखान्यात लोक त्यांच्याकडं बघूनच हळहळायचे, पेशंट तेच समजून. पाचोडला माझ्या माहेरी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायचे. दात घासायला म्हणून दहाव्या वर्षी बोटावर घेतली, ती साठीपर्यंत सुटली नाही. सून घरात आली तेव्हापासून सांगत होती, "आई, सोडा ती." मी म्हणायचे, "तू तुझं बघ." खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

ऑपरेशनमध्ये डावा गाल आतून काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी आत लावली. मग तीस शेक सांगितले. रेडिएशनला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा टेबलाला घट्ट बसवायचे आणि मशीन फिरून थांबेपर्यंत हलायचं नाही. मशीन स्वतः काही दुखवत नाही. दुखणं मागाहून येतं, गरम चहानं तोंड पोळल्यासारखं, फक्त ते जातच नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, शेकात खंड पडू द्यायचा नाही, खंड पडला की उरलासुरला आजार डोकं वर काढतो. आणि उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ अन् खायचा सोडा टाकून दिवसातून दहा गुळण्या करायच्या. दर वेळी पेलाभर ताजं पाणी.

दहा पेले! अहो, आम्ही राहायला गेलो होतो शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत. इमारती भराभर उठल्या, गच्चीवर टाक्या बसल्या, नळ मात्र आला नाही. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, बोअर आटलं. टँकर आठवड्यानं यायचा, तोही आला तर. घरातल्या पाण्याचा कारभार माझ्या हातात. डाळ-तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं पाणी झाडाला, आंघोळीचं संडासात. एकेक थेंब दोनदा कामाला आल्याशिवाय मी घराबाहेर जाऊ देत नव्हते. आणि हे गुळणीचं पाणी असं, की मिठामुळं झाडालाही चालेना. निव्वळ वाया! आजारपण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, त्यात वर ही उधळपट्टी.

मग मी माझी अक्कल चालवली. सकाळी एकच पेला करायचा, वर ताटली झाकायची, आणि दिवसभर त्यातलाच एकेक घोट तोंडात घ्यायचा. उरलं तर दुसऱ्या दिवशी. सून सकाळी मला स्कूटीवरून शेकाला न्यायची, घरी सोडायची आणि औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. संध्याकाळी आल्या आल्या विचारायची, "आई, गुळण्या झाल्या?" बोलवत नव्हतं, म्हणून मी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवायचे. दहा.

अठरा शेक झाले आणि तोंड पार बिघडलं. पांढरी बुरशी, जागोजागी फोड, थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. बाईंनी टॉर्च मारला आणि विचारलं, "गुळण्या करता?" मी बोटं पसरली. त्या म्हणाल्या, "तोंड तर काही वेगळंच सांगतंय." शेक थांबवले, नाकातून जेवणाची नळी घातली. मी कसंबसं विचारलं, "परत कधी?" त्या म्हणाल्या, "आठवड्यानं बघू. तोंड सुधारलं तर." मी भ्याले. मरणाला भ्याले, सरळ सांगते.

घरी आल्यावर सुनेला ओट्यावरचा झाकलेला पेला दिसला. तळाशी गाळ बसलेला. "हा कधीचा?" मी कालचा म्हटलं आणि तुटक तुटक सगळं सांगून टाकलं. तोवर त्या पोरीनं माझ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता.

"लई शहाण्या झालात व्हय? हे ड्रम काय तुमच्या दहाव्याला आंघोळी घालायला ठेवलेत? बोला ना!"

हे दारात उभे होते. म्हणाले, "सुंभ जळलं तरी पीळ जात नाही." आणि आत निघून गेले. मला राग आला, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सुट्टी टाकली. दर दीड तासाला पेला भरून पुढं उभी. पहिल्या पहिल्यांदा मला थुंकवेचना, पाणी गालात धरून मी तशीच उभी राहायचे. ती म्हणायची, "थुंका. सगळं." चौथ्या दिवशी टँकर आला नाही. तिनं ड्रम तिरपा केला, तळातलं पाणी तांब्यानं काढलं, गाळलं, उकळलं. दोन दिवस तिची स्वतःची आंघोळ झाली नव्हती, मला माहीत होतं. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं पेला माझ्या ओठाला लावला. माझ्या आईनं सुद्धा माझ्यावर एवढं पाणी घालवलं नसतं. मी गुळणी केली आणि बेसिनमध्ये थुंकले, आणि मला रडू आलं.

"रडता काय? पेल्यात अजून हाय."

आठवडा झाला. बाईंनी बराच वेळ टॉर्च मारून बघितलं, जीभ उचलायला लावली, मग म्हणाल्या, "घ्या आत." सून बाहेर बाकड्यावर बसली होती. टेबलावर आडवी झाल्यावर मशीनवरच्या माणसाला मी म्हटलं, "बाहेर सांगा तिला, घेतलं म्हणून." त्यानं मुखवटा बसवला, दार अर्धं लोटून तो बाहेर गेला आणि तिला सांगितलं. ती मोठ्यानं, हुंदके देत रडायला लागली, भरल्या दवाखान्यात. मला तिच्याजवळ जायचं होतं. त्यानं आत येऊन सांगितलं, "आजी, आता हलू नका." मी हलले नाही.