लेकीचा दमा

मला राग लवकर येतो आणि तोंड रागाच्याही पुढं धावतं. माझ्या तोंडानं आयुष्यात बऱ्याच जणांना दुखावलं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. बहुतेक जण त्याच लायकीचे होते. पण एकदा मी मऊ आवाजात, हसत हसत एक वाक्य बोलले, त्याची मात्र अजून लाज वाटते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत राहायचो. हे एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. घरात मी, अकरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा रोज संध्याकाळी गल्लीतून मार खाऊन, रडत यायचा. कोणी गोट्या हिसकावल्या, कोणी टोपी गटारात टाकली. मग मुलगी हातातली भाकरी टाकून पळायची आणि पाच मिनिटांत गोट्या घेऊन परत यायची. कशा आणल्या, ते मी कधी विचारलं नाही. उलट तिच्यावरच ओरडायची, "फ्रॉक फाटला की गं सटवे!"

एक दिवस शेजारची विणकराची बायको नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्याकडं पोरगा कोण आणि पोरगी कोण, तेच कळंना." बायका खो खो हसल्या. मी भरलेली घागर तिथंच ठेवली आणि ठरवलं, काही झालं तरी पोराला पैलवान करायचं.

तेव्हा शहरात ज्युदो-कराटे नवीनच निघालं होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये वर्ग चालायचा, तिथं आधी गेलो. मुलाला तो पांढरा पोशाख भारी आवडला. पण तासभर बघितलं तर पोरं नुसती सतरंजीवर पडत होती, उठत होती, परत पडत होती. मास्तर म्हणाले, "पहिला महिनाभर पडायलाच शिकवतो." मी म्हटलं, "पडायला त्याला येतं हो, ते शिकवायला कशाला पाहिजे?" आणि बाहेर पडले.

राहिली तालीम. बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बाहेर लिंबाखाली उभी राहिले. मुलाच्या हातात नारळ देऊन त्याला आत पाठवलं. मुलीला बरोबर आणलं होतं, ते त्याच्या चपला आणि कपडे सांभाळायला. ती पायरीवर बसली आणि दारातून आत बघायला लागली.

आत लाल मातीचा हौद, ताक-तेल-हळदीचा वास, पोरांच्या जोर-बैठका. आमच्या चिरंजीवांनी लंगोट बांधतानाच भोकाड पसरलं. "आई गं, मला न्हाय जायचं!" पार रस्त्यापर्यंत आवाज. माझ्या अंगाची आग आग झाली. आणि इकडं बघते तर मुलगी पायरीवरून उठलेली. आतली पोरं बैठका मारत होती, त्यांच्याबरोबर ही बाहेर मारत होती, फ्रॉक गुडघ्यात खोचून. आतली थांबली तरी हिचं चालूच. तोंड लाल झालेलं, पण दम म्हणून लागलेला नाही.

वस्ताद बाहेर आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस, आवाज मात्र बारीक. हिच्याकडं जरा वेळ बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "अक्का, रडणारं आत घातलंय आणि लढणारं भाईर ठेवलंय की तुमी."

दारातली पोरं हसली. वस्ताद मात्र चेष्टा करत नव्हते. "हितं मातीत पोरीला घेता यायचं न्हाय. पण माझ्या पोरी सकाळी मागल्या अंगणात लाठी शिकत्यात. हिला पाठवून द्या. लई चपळ हाय. माझ्या थोरलीच्या शाळेत बघितलंय हिला, दोघी मिळून जातील."

मुलगी माझ्याकडं बघत होती. इतक्या आशेनं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. कधी काही मागितलंच नव्हतं तिनं.

आणि मला नळावरचं हसणं आठवलं. पोरगा रडून परत आला, पोरगी लाठी शिकायला गेली, हे उद्या गल्लीभर होणार. मी पदर सावरला, हसले आणि म्हटलं, "कुठलं हो वस्ताद, तिला दमा आहे."

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्यांना कळलं होतं, हे मला आजही पक्कं वाटतं.

परतताना मुलगी माझ्या मागं मागं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं विचारलं, "आई, दमा म्हणजे काय गं?"

"पळलं की दम लागतो, खोकला येतो. चल मुकाट."

ती मुकाट चालली. मुलानं आठ दिवसांत तालीम सोडली, आणि तो विषय मी विसरून गेले. खरंच विसरले, हीच तर लाज आहे.

पुढच्या वर्षी प्रगतिपुस्तकावर सही करायला हे गावात नव्हते, म्हणून मी शाळेत गेले. मैदानावर मुलींचा खो-खो रंगला होता. वस्तादांची थोरली वाऱ्यासारखी पळत होती. माझी मुलगी कडेला बसली होती, पोरींच्या चपलांची रांग लावून. मला बघून ती उठली आणि माझ्या मागं मास्तरांच्या खोलीच्या दारापर्यंत आली.

माझा पारा चढला. बाईंना म्हटलं, "माझ्या पोरीला का घेत नाही खेळात? अख्ख्या गल्लीत तिला कोणी पकडू शकत नाही!"

बाई चकित झाल्या. "अहो, तीच नको म्हणते. वस्तादांची मुलगी तिला हाताला धरून घेऊन आली होती माझ्याकडं. तर ही म्हणाली, मला दमा आहे, आईनं वस्तादांना सांगितलंय. वर्ष झालं, एकदासुद्धा पळाली नाही. का, नाहीये का दमा?"

ती पळाली असती तर वस्तादांच्या घरात तिची आई खोटारडी ठरली असती, म्हणून ती वर्षभर चपला सांभाळत बसली होती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं मला. एवढी तोंडाळ मी. पण बाई बघत होत्या, बाजूला आणखी दोन मास्तर बसले होते.

"आहे, थोडासा," मी म्हटलं.

मुलगी दारात उभी होती. एक पाऊलही पळाली नव्हती. तिनं तोंडावर हात धरला, दोनदा खोकली, आणि बरोबर केलं ना, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.