पूजेत न बसलेलं पुस्तक

मला वाचनाचं वेड आहे, आणि ते इतरांना लागावं हेही वेड आहे. पहिल्याचा कुणाला त्रास नाही. दुसऱ्यापायी मात्र तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या शाळेत नववीची कित्येक पोरं माझ्या नावानं बोटं मोडत आली आहेत. लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईला आले, इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, आणि पहिल्याच वर्षी मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून शुक्रवारचा शेवटचा तास अवांतर वाचनासाठी पदरात पाडून घेतला. स्टीलचं एक कपाट मिळालं, ते इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांनी भरलं. मुलांनी पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि त्यावर चार ओळी लिहून आणायच्या, इतकी साधी योजना. जगातल्या सगळ्या साध्या योजना माझ्यासारख्या माणसांनीच केलेल्या असाव्यात.

मुलं पुस्तकं नेत, हे खरं. दप्तरात घालून नेत आणि दप्तरातूनच परत आणत. मधल्या काळात पुस्तकाला हवा लागत नसे. चार ओळी मात्र झकास असत. एकदा एकाच पुस्तकानं पाच जणांना अगदी त्याच शब्दांत 'अंतर्मुख' केलं होतं, आणि त्यातल्या एकानं ते पुस्तक नेलेलंच नव्हतं. मोबाइलमध्ये बघून लिहिलंस का, असं विचारलं तर म्हणाला, "नाही मिस, मोबाइलनंच लिहिलं." निदान खरं बोलला, म्हणून मी त्याला सोडून दिलं. तरीही दर जूनमध्ये नवी नववी समोर येऊन बसली की वाटायचं, यंदा एखादं तरी सापडेल. या आशेला काही आधार नव्हता, पण ती सुटतही नव्हती.

गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की शुक्रवारचा तास गणिताला हवा आहे. पालक मागे लागलेत, पुढे प्रवेश परीक्षा आहेत. मी भांडले. भांडताना माझं इंग्रजी फार सुधारतं. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "ठीक आहे. सरस्वतीपूजेला मी तुमच्या वर्गात येतो. मुलं पुस्तकं वापरतात असं दिसलं तर तास तुमचा, नाही तर गणिताचा." पुस्तक नुसतं बघून ते वाचलंय की नाही हे कसं कळणार, हा प्रश्न मी गिळला. तास गेला असता तर मला फार लागलं असतं.

सरस्वतीपूजा म्हणजे इथे मोठं प्रकरण. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, दोन फुलं वाहिली की झालं. इथे आदल्या दिवशी पुस्तकं देवीपुढे रचतात, चंदन-कुंकू लावतात, आणि विजयादशमीची पूजा होईपर्यंत ती उघडायची नसतात. विद्येच्या देवतेचा सण आणि वाचायला सक्त मनाई. आमच्या मुलांइतकी भाविक मुलं त्या दिवशी शोधून सापडणार नाहीत. गणिताचं पुस्तक ढिगात सगळ्यांत खाली जावं म्हणून तर रेटारेटी होते. सणाची सुट्टी लागते, म्हणून शाळेत आम्ही पूजा आधीच उरकतो, आणि पुस्तकं शाळा उघडेपर्यंत तिथेच राहतात. कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्या पूजेला आलंच पाहिजे, हा शाळेचा नियम.

मुख्याध्यापक आले तेव्हा माझी पुस्तकं टेबलावर रचून झाली होती. फक्त एक कमी होतं. दीपगृहावरच्या खुनाची जाडजूड रहस्यकथा. ती मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे होती. "येस मिस"च्या पलीकडे ती कधी माझ्याशी बोलली नव्हती. आत्ता दप्तर मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "घरी राहिलं, मिस."

मुख्याध्यापकांनी एकेक पुस्तक हातात घेतलं. पानं करकरीत, कोपरे शाबूत. "वा," ते म्हणाले, "किती जपलीत मुलांनी. आवडीची वस्तू माणूस अशीच ठेवतो. तास तुमचा." माझा जीव भांड्यात पडला, आणि लाजही वाटली. मग त्यांनी राहिलेलं पुस्तक मागितलं. ते दप्तर धरणं त्यांच्याही लक्षात आलं होतं. मुलीनं रडवेल्या चेहऱ्यानं ते बाहेर काढलं.

मुखपृष्ठ चिकटपट्टीनं जोडलेलं. पानांवर सांबाराचे डाग, तेलकट बोटं, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे देवीपुढे ठेवायचं? या मुलीला यापुढे पुस्तक देऊ नका." माझ्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी एक सापडली होती. मी ते पुस्तक उचललं आणि तिला दप्तरासकट व्हरांड्यात घेऊन आले.

"मिस, मी नाही खराब केलं," ती घाईघाईनं म्हणाली. "मी ते वाचलंसुद्धा नाही."

"मग?"

"अक्का वाचते. माझी मोठी बहीण. श्रीपेरुंबुदूरला कंपनीत आहे. कंपनीच्या बसमध्ये वाचते आणि सगळ्यांना तमिळमध्ये सांगते. कोणी खून केला यावरून त्यांची भांडणं होतात. शेवटची दोन प्रकरणं राहिलीत. पूजेत देऊ नकोस म्हणाली होती. सध्या तिची दुपारची पाळी, रात्री उशिरा येते, म्हणून सकाळी झोपली होती. मी घाबरून घेऊन आले, पण बाकीच्यांची पुस्तकं बघितली आणि काढायला लाज वाटली."

मी हिरमुसले, हे कबूल करते. पण हातातलं पुस्तक पूजेत बसलं नव्हतं, म्हणजे सगळ्या शाळेत तेवढंच एक वाचायला मोकळं होतं. मी ते तिच्या दप्तरात घातलं. तिला पुस्तक देऊ नका असा हुकूम होता, अक्काबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. "अक्काला सांग, संपलं की दुसरं न्यायला तिनं स्वतः यावं."

तिला धीर आला. "अक्का ओळखते तुम्हाला, मिस. तुमच्याच वर्गात होती."

मला एकदम भरून आलं. वाटलं, उशिरा का होईना, काही तरी रुजलं होतं. "म्हणजे तेव्हापासून वाचते ती?"

"नाही मिस. तेव्हा एकपण नाही वाचलं."

"का गं?"

ती बिचारी माझी नजर चुकवत म्हणाली, "तेव्हा तास होता ना, मिस."

आत मुख्याध्यापक वर्गाला सांगत होते की शुक्रवारचा वाचनाचा तास कायम राहणार, आणि मुलं सांगितल्याप्रमाणे टाळ्या वाजवत होती.