पान एकशे बारा

कोर्टात सगळे त्यांना स्टेनोबाई म्हणत. एकोणीस वर्षं त्या न्यायाधीशांच्या मंचाखाली बसून निकाल टाइप करत होत्या. जागा अशी की पाठीला मंचाची लाकडी भिंत आणि पोटाशी वकिलांचं टेबल. एकदा खुर्चीत शिरलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाय लांब करायची सोय नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "आरोपीला निदान उभं तरी राहता येतं!"

मग बोललेलं आपोआप लिहून घेणारं यंत्र येणार असं ठरलं. अधीक्षकांनी बोलावून सांगितलं, "चार वर्षांत टायपिंगच्या जागा बंद होतील. कायद्याची पदवी घेतलीत तर रेकॉर्ड विभागात सामावून घेऊ. नाहीतर घरी." तेव्हा बाई बेचाळीसच्या होत्या. त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींच्या बाकावर जाऊन बसल्या.

सगळे विषय सुटले. अडला तो नेमका फौजदारी कायदा. ज्या विषयाचे निकाल टाइप करून बोटांना घट्टे पडले, त्यातच त्या दोनदा नापास झाल्या. आता एकच संधी उरली होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. मुलीने ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरून वाचली. "गुन्हा शाबित होण्यासाठी आरोपीचा हेतू सिद्ध होणे आवश्यक नाही" या बाईंच्या वाक्यावर लाल फुली होती. बारापैकी शून्य गुण.

"आई, हे चूक आहे का?"

"अगं, हे वाक्य मी शेकडो निकालांत टाइप केलंय. माणसाला काय करायचं होतं, तो उद्देश. का करायचं होतं, तो हेतू. कुणी कुणाला जाणूनबुजून मारलं, तर का मारलं ते नाही कळलं तरी शिक्षा होतेच."

नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "तुला येतं ना, तिथंच सगळा घोळ आहे. बाकीचे गाईड घोकतात. तूही घे एखादं."

म्हणून शनिवारी दुपारी बाई कॉलेजसमोरच्या पुस्तकाच्या दुकानात गेल्या. दुकान बोळासारखं अरुंद, एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत शिरता येत नसे. दुकानदाराने तीन गाईडं पुढ्यात टाकली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "बाई, शिकायचंय की पास व्हायचंय?"

"दोन्ही नाही का जमायचं?"

"जमतं की. फक्त एका पुस्तकात नाही."

बाईंनी तिन्हींतलं तेच प्रकरण उघडलं. लाल गाईडमध्ये नुसते जुने प्रश्न होते. हिरवं नीटस होतं. तक्ते, उदाहरणं, आणि हेतूबद्दल लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर. पिवळं त्यांच्याच कॉलेजच्या सरांनी लिहिलेलं. पान एकशे बारावर ठळक अक्षरांत होतं, "हेतू सिद्ध न झाल्यास उद्देशही सिद्ध होत नाही व आरोपी निर्दोष ठरतो." छपाईची चूक असेल म्हणून त्यांनी जुनी आवृत्ती मागून पाहिली. तिथेही तेच.

त्यांनी हिरवं घेतलं. पण ते उघडलं की लगेच मिटायच्या, कारण आपण पुन्हा बरोबर उत्तर लिहिणार हे त्यांना कळत होतं. शेवटी त्या सरांकडेच गेल्या. सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच पेपर तपासत बसले होते. बाईंनी पान उघडून समोर धरलं. सरांनी ते वाचलंसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पहिल्याच आवृत्तीत चुकलं."

"मग सुधारलं का नाही, सर?"

"तपासणारे आम्ही चौघं. तिघं माझ्या पुस्तकावरून तपासतात. आता सुधारलं, तर इतकी वर्षं ज्यांना फुल्या मारल्या त्यांना काय तोंड दाखवू?"

"त्यातलीच एक आहे मी."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "तुमची शेवटची संधी आहे ना?" ते हळूच म्हणाले. "बाई, पिवळं वाचा."

बाई सरळ दुकानात गेल्या. दुकानदाराने पिवळं काढून दिलं. पुढचे दोन महिने त्या रोज जेवणाच्या सुट्टीत, त्याच खुर्चीतून न उठता, खोटं पाठ करत होत्या. सुट्टी संपली की न्यायाधीश येत आणि खरं सांगत. बाई ते टाइप करत.

परीक्षेत चौथा प्रश्न तोच आला. बाईंनी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. समासात शॉर्टहँडमध्ये खरं काय ते लिहून ठेवावं, असं मनात येऊन गेलं. पण समासात खूण दिसली तर पेपरच रद्द होतो. त्यांनी पान एकशे बारा जसंच्या तसं उतरवलं. बारापैकी दहा मिळाले, विषय सुटला.

मुलगी नाचली, नवऱ्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. बाई मात्र त्या दिवशी गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसल्या आणि झालेल्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिल्या.

रेकॉर्ड विभाग तळघरात आहे. खिडकी नाही, पण पाय लांब करता येतात. कोर्टात येणारी कॉलेजची मुलं त्यांना शोधत खाली उतरतात, "बाई, फौजदारीला कुठलं गाईड घेऊ?" पहिल्यांदा "पिवळं" म्हणताना त्यांची जीभ अडखळली. आता अडखळत नाही. फक्त प्रत्येकाला त्या एवढंच सांगतात, "परीक्षा झाली की एकदा येऊन जा. थोडं पुसायचंय."

पास झाल्यावर कोण कशाला येतंय? दोन वर्षांत एकच आली, तुरुंगात पहारेकरीण असलेली एक विद्यार्थिनी. बाईंनी तिला फायली काढायच्या लाकडी घोडीवर बसवलं, एक जुना निकाल काढून दिला, हेतूच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, मोठ्याने वाच."

ती वाचत होती, तेव्हा परीक्षा अजून बाकी असलेल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.