सासऱ्यांचा डिफेन्स

अमेरिकन फुटबॉल बघणारी माणसं जगात लाखोंनी असतील, पण चेंडूकडे एकदाही न बघता हा खेळ तीन महिने जीव ओतून पाहिलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो माझ्या बायकोचा बाप आहे. "चेंडू कायले पाहाचा? तो काय पळून चालला?" असं ते विचारत. चेंडूला ते नारळच म्हणायचे. त्यांची नजर असायची खेळाडूंच्या कमरेखाली. कोणाचं वजन कोणत्या पायावर आहे, कोणाचा घोटा मोकळा राहिला, कोण लंगडणं लपवतोय, हे त्यांना समालोचकाच्या आधी कळे. नागपूरकडच्या एका शाळेत त्यांनी सारी हयात पी.टी. शिकवली होती आणि पोरांना कबड्डीत घडवलं होतं. त्यामुळे मैदानावर हेल्मेट घातलेली अकरा धिप्पाड माणसं उभी राहिली की त्यांना तिथे उजवा कोपरा, डावा कोपरा आणि साखळीच दिसायची. "डोक्याले एवढं मोठं मडकं, अन् गुडघा उघडा! कोनी शहाण्यानं केलं हे?" हा त्यांचा अमेरिकेवरचा कायमचा आक्षेप होता.

सासूबाई गेल्यानंतरच्या शरद ऋतूत ही त्यांना आमच्याकडे लुडविग्सहाफेनला घेऊन आली. ही इथल्या केमिकल कारखान्यात संशोधक, आणि मी पूल ओलांडून मानहाइमला एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. दिवसभर घरात एकटे राहून बाबा काय करतील याची आम्हाला काळजी होती. पहिल्या आठवड्यातच त्यांनी आमच्या सोसायटीच्या अंगणात सूर्यनमस्कार सुरू केले, कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांची शिस्त आमच्यापेक्षा चांगली आत्मसात केली आणि बसस्टॉपवर वाकून उभ्या राहणाऱ्या एका शाळकरी मुलीची पाठ हातवाऱ्यांनी सरळ केली. काळजी करायची ती रविवारची. रविवारी त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या मेव्हण्याचा, अमेरिकेतून फोन यायचा.

हा मेव्हणा तिकडच्या एका थंड, तळ्याकाठच्या शहरात इंजिनियर आहे. सज्जन माणूस. फोन कधी चुकवायचा नाही, पण त्या फोनमध्ये काही नसायचं. तब्येत, हवा, जेवण, ठेवतो. फोन ठेवल्यावर बाबा थोडा वेळ तो हातातच धरून बसत, पुन्हा वाजेल अशा आशेनं. मग एका रविवारी, बोलायला काही उरलं नाही म्हणून, मेव्हणा म्हणाला की आता त्याच्या शहराच्या टीमची मॅच आहे. बाबा म्हणाले, "मले दिसन का इथं?" त्यानं स्वतःच्या खात्याचा पासवर्ड पाठवला. तिकडे दुपार, इकडे संध्याकाळ. मी लॅपटॉप टेबलावर मांडला, आणि पहिल्या दहा मिनिटांत बाबा खुर्चीवरून उठून ओरडले, "पकड! अबे घोटा पकड त्याचा!"

जर्मनीत रविवार म्हणजे दिवसभर रुहेत्साइट, शांततेची वेळ. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात उभे राहतात. तसे खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा आले. उंच, पांढऱ्या मिशीचे, चेहरा घड्याळासारखा. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून लॅपटॉपवर गेली आणि तो चेहरा विरघळला. तरुणपणी ते नदीपलीकडे मानहाइमच्या अमेरिकन छावणीत स्वयंपाकघरात कामाला होते आणि सोल्जरांबरोबर हा खेळ शिकले होते. आता छावणी रिकामी होत चालली होती, आणि त्यांच्याशी फुटबॉल बोलायला त्यांना वर्षानुवर्षं कोणी भेटलं नव्हतं. "मोमेंट," असं म्हणून ते खाली गेले आणि ब्रेत्सेलची, म्हणजे खारट पीळदार पावांची, पिशवी घेऊन परत आले. बाबांनी दोन्ही हात जोडून "जय भीम" केलं. आजोबांना त्यातला 'जय' म्हणजे आपलं जर्मन 'या', म्हणजे 'हो', वाटलं. "या, या, भीम!" ते आनंदानं म्हणाले आणि बसले.

त्यानंतर दर रविवारी आमच्या दिवाणखान्यात जो वाद चाले, त्याला तोड नाही. एकाला वऱ्हाडी येत होती, दुसऱ्याला फाल्त्स भागातलं गावरान जर्मन, आणि दोघांनाही एकमेकांचा एकही शब्द पटत नव्हता. आजोबांचं म्हणणं, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजेच टीम. तो नाही तर काही नाही. बाबांचं म्हणणं, हार त्याच्या गळ्यात पडतात, पण सामना डिफेन्स जिंकतो. "डिफेन्स धड असला ना, तं चढाई करनाऱ्याले जीव घालावा लागत नाई," हे ते टेबलावर मूठ आपटून सांगत, आणि आजोबा "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!', म्हणून जोरात मान हलवत, कारण त्यांना वाटायचं बाबांनी अखेर हार मानली. एकदा साखळीची पकड समजावून सांगण्यासाठी बाबांनी चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या मलाच क्वार्टरबॅक केलं. सत्तरीतल्या त्या दोन माणसांनी मला दोन बाजूंनी असं कवेत घेतलं की मी थेट कपडे वाळत घालायच्या स्टँडवर गेलो. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पडलं?" बाबा म्हणाले, "काही नाई. जवाईबापू बाद झाले."

आणि मेव्हण्याचे फोन लांबले. तो आता मॅचच्या आधी फोन करायचा. स्पीकरवर बापलेक तावातावानं भांडायचे. त्याला डिफेन्सची नवी मांडणी पसंत नव्हती, बाबांना तिच्यात कबड्डीची अक्कल दिसायची. मेव्हणा एकदा चक्क हसला. ही स्वयंपाकघरात होती. कढईवरचा हात तसाच थांबला. "दादा असा हसतो हे मी विसरले होते," ती मला म्हणाली.

पण त्या टीमच्या क्वार्टरबॅकांना कोणाची तरी दृष्ट लागली होती. पहिल्याचा खांदा निखळला. दुसऱ्याला डोक्याला मार बसला. तिसरा कोवळा पोरगा, नुकताच कॉलेजमधून आलेला, तो डिसेंबरपर्यंत टीमला ओढत घेऊन आला आणि मग त्याचाही गुडघा सुजला. वर्षाअखेरची मॅच जिंकली तर टीम पुढे जाणार होती. त्या रविवारी फोन आला तेव्हा मेव्हणा भलताच खुशीत होता.

"बाबा, खेळतोय तो! पट्टी बांधून, इंजेक्शन घेऊन उतरणार."

"नाई," बाबा म्हणाले. "बसवा त्याले."

"अहो बाबा, सीझन आहे सगळा या मॅचवर."

"हरू दे. पोट्ट्याले बाहेर बसवा."

"तो स्वतः म्हणतोय खेळतो म्हणून!"

"तो म्हनंनच!" बाबांचा आवाज एकदम चिरकला. "त्या वयातला पोरगा खेळतोच म्हनते. सांगनाऱ्याले अक्कल पाहिजे ना."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग मेव्हणा हळूच म्हणाला, "मला तर तुम्ही उतरवलं होतं, बाबा."

आजोबांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी हातातलं ब्रेत्सेल खाली ठेवलं.

"हाव," बाबा म्हणाले. "उतरवलं." मग म्हणाले, "त्या दिवशी माझा डिफेन्स कच्चा होता, बेटा. सारा भार तुझ्यावर टाकला."

फोन ठेवला गेला. कोणी ठेवला, ते मला कळलं नाही.

स्वयंपाकघरात हिनं मला सांगितलं. दादा बाबांच्याच संघात होता, त्यांचा सगळ्यात चपळ चढाईपटू. जिल्ह्याच्या फायनलला त्याचा गुडघा सुजलेला होता, आणि शेवटच्या चढाईला बाबांनी त्यालाच पाठवलं. संघ जिंकला. दादाला मैदानातून उचलून आणावं लागलं आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. घरात त्यावर कोणी कधी एक शब्द बोललं नाही. त्यानं अभ्यास केला, नोकरी धरली, दूर गेला, आणि रविवारचा फोन नेमानं करत राहिला. आई होती तोवर दोन्हीकडचं ती बोलायची.

मॅच सुरू झाली होती. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते, पण त्या संध्याकाळी कोणाचीही पकड सांगत नव्हते. ते फक्त त्या पोराचा उजवा पाय बघत होते. उत्तरार्धात दोन धिप्पाड माणसं दोन बाजूंनी आली, आणि पोरगा खाली गेला. तो उठेना. मैदानात डॉक्टर धावले. बाबा खुर्चीतून उठले, गॅलरीचं दार उघडून थंडीत बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी शाल घेऊन मागे गेलो, पण त्यांच्या खांद्यावर ती टाकायचं धैर्य मला होईना.

तेवढ्यात फोन वाजला. मॅच चालू असताना मेव्हणा कधीही फोन करत नसे. मी स्पीकर लावून फोन गॅलरीत नेला.

"बाबा? बाबा, उठला तो. आत जाऊन बघा ना. चालतोय. स्वतःच्या पायानं चालतोय."

बाबांनी वळून फोन हातात घेतला.

"आणि बाबा," मेव्हणा म्हणाला, "मीसुद्धा चालतो. रोज तळ्याकाठी फिरायला जातो. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणून सांगायचं राहिलं."

"किती चालतं?" बाबांनी विचारलं. आवाज पी.टी.च्या मास्तरांचा होता, डोळे नव्हते.

"पुष्कळ."

"थंडीत गुडघा बांधून चालत जा."

"हो बाबा."

मी आत आलो आणि दार लोटून घेतलं. ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. आत आजोबा एकटेच लॅपटॉपसमोर बसून होते. टीम हरली, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

जानेवारीत व्हिसा संपला आणि बाबा नागपूरला गेले. निघताना त्यांनी खालच्या आजोबांना वाकून नमस्कार केला, आणि आजोबांनी अगदी स्वच्छ "जय भीम" म्हटलं. त्यासाठी त्यांनी हिच्याकडून शिकवणी घेतली होती. पुढच्या शरदात बाबा परत येतील म्हणून आम्ही त्यांच्यासाठी जाड चपला घेऊन ठेवल्या. पण तोवर मेव्हण्यानं तिकीट पाठवलं होतं. बाबा अमेरिकेला गेले. दोघं दर रविवारी स्टेडियममध्ये जातात म्हणे, आणि आजूबाजूच्या गोऱ्या माणसांना बाबा साखळी समजावून सांगतात. आम्हाला फार आनंद झाला. हिनं तर शेजारीपाजारी बर्फी वाटली. त्या चपला अजून कपाटात आहेत.

आता रविवारी संध्याकाळी खालचे आजोबा वर येतात. मी चहा करतो, ते पिशवी उघडतात. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असं ते म्हणतात, आणि पुढे आम्हा दोघांनाही काही सुचत नाही. मला या खेळातलं फारसं कळत नाही, आणि त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे मत नाही. पण मध्ये मध्ये कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो. एकाच रंगाचे कपडे घातलेली हजारो माणसं, बर्फ झेलत उभी. तेव्हा आजोबा चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ जातात आणि कुठल्या तरी मफलर गुंडाळलेल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवतात. "डा!" ते म्हणतात. "तो बघ!" बोट सरकेपर्यंत कॅमेरा पुढे गेलेला असतो. ते बाबा नसतात, हे मला दर वेळी दिसतं. मी म्हणतो, "गेनाऊ. तेच."