डावीकडची खिडकी

आमच्या ह्यांना कुणाचा हेवा वाटत नाही. शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा ती धुवायला आमचा पाइप ह्यांनी हौसेनं काढून दिला. दुकानात ह्यांच्या मागून आलेला पोरगा मॅनेजर झाला, तर त्याच्यासाठी टायसुद्धा ह्यांनीच निवडला. जगातला सगळा हेवा त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवलाय. तो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, ह्यांचा साडू.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. घरी आले की जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू ह्यांची. तिथं कानस, ब्लेड, पॉलिश पेपर आणि चिमटे मांडून प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून बोटी, इंजिनं, इवलीशी घरं बनवतात. एक खिडकी कापायला अख्खी संध्याकाळ. "हात आहे माझा," म्हणतात, आणि खोटं नाही, आहेच. आमच्या नात्यागोत्यात ह्या कामात ह्यांना तोड नव्हती. नव्हती म्हणजे, साडूनं ते मिनी ग्राइंडर आणेपर्यंत.

साडू मेकॅनिक. माझे वडील नदीवरची फेरीबोट चालवायचे आणि लग्नाआधी हा त्याच बोटीचं इंजिन बघायचा. अलीकडे बाबांची नजर गेली, तेव्हा ते बहिणीकडे राहायला गेले, कारण तिचं घर तळमजल्यावर आणि आमचं तिसऱ्यावर, लिफ्टविना. "जिना काय मी बांधला?" हे आठवडाभर धुमसत होते.

मग एकदा बाबा म्हणाले, "माझी बोट करून द्या रे कुणीतरी. दिसणार नाही, पण हात तर फिरवता येईल."

"मी करतो," हे म्हणाले.

"मीही बघतो करून," साडू म्हणाला.

झालं! बाबांच्या उशाशी एकच छोटं टेबल. त्यावर रेडिओ आणि औषधं. उरलेल्या जागेत बोट मावणार ती एकच. बाबा राहतात त्याच्याकडे, तेव्हा निदान उशाची बोट तरी आपली असावी, एवढंच ह्यांचं मागणं. ते मात्र ह्यांना कुठल्याही परिस्थितीत हवं होतं.

पुढच्या वेळी गेलो, तर साडूनं ह्यांच्या हातात ते मिनी ग्राइंडर ठेवलं, जाडजूड पेनासारखं एक यंत्र. वायर नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालतं, किंमत अगदी किरकोळ. पुढच्या टोकाला कधी बारीक चकती लावायची, कधी ड्रिल. त्यानं बटण दाबलं आणि आमच्या ह्यांची संध्याकाळभराची खिडकी बघता बघता कापून दाखवली.

"फक्त प्लास्टिकला वेग एक नंबरवर ठेवायचा, दादा. चकती टेकवायची, उचलायची. रेघेच्या अलीकडे थांबायचं आणि उरलेलं कानशीनं. जोर दिला की—"

पण दादा ऐकतायत कुठं? दादा खिडकीबाहेर बघत होते. पोटात दुखायला लागलं की ह्यांना बाहेरची झाडं फार आवडतात.

"खेळणं आहे," घरी येताना म्हणाले. "त्यात हाताचं काय?"

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या बाथरूममधून दातांच्या डॉक्टरकडे येतो तसला आवाज येऊ लागला. दार वाजवलं. आवाज बंद. हे बाहेर आले, भुवयांवर पांढरा भुसा.

"काय चाललंय?"

"दाढी," म्हणाले.

पुढं मी विचारलं नाही. टॉवेलांच्या घडीमागं चार्जर सापडला, तोही तिथंच राहू दिला. बाबांचा वाढदिवस तोंडावर आला होता. बोटीची उजवी बाजू बाबांकडच्या फोटोत बघून ह्यांनी हातानं केली होती, दृष्ट लागावी अशी. डावी बाजू फोटोत नव्हतीच. तीही तशीच असणार म्हणून घाईनं त्या यंत्रावर काढायला घेतली. वेग तीन नंबर, वर मनगटाचा जोर. प्लास्टिक कापलं जायच्या ऐवजी वितळलं आणि बाबा जिथं उभे राहायचे, त्या केबिनच्या खिडकीची खालची चौकट ओघळून वाकडी झाली. नवी करायला वेळ नव्हता. रंग लावताना ह्यांचा चेहरा मला बघवेना.

"ही बाजू भिंतीकडे ठेवू," मी म्हणाले.

वाढदिवसाला दोन्ही बोटी बाबांपुढं ठेवल्या. आधी साडूची. बाबांनी बोटं फिरवली, "सुरेख," म्हणाले. मग आमची. बोटं उजवीकडून फिरत डावीकडे गेली आणि त्या खिडकीवर थांबली.

"अरे!" बाबा ओरडले. "ही माझीच बोट! धक्क्यावर आदळली तेव्हा हीच चौकट वाकली होती. शेवटपर्यंत तशीच राहिली. जावईबापू, तुम्हाला कसं हो ठाऊक?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दादांचं लक्ष बारीक असतं," साडू म्हणाला. त्यानंच रेडिओ सरकवून आमची बोट उशाशी ठेवली.

निघताना दारात बूट घालता घालता ह्यांनी त्याला गाठलं. "तू तर त्या बोटीवर होतास. तुला चौकट माहीत नव्हती?"

"होती ना. पण त्या अपघाताचं बाबांनी किती मनाला लावून घेतलं होतं. म्हटलं, माझ्या बोटीत तरी सरळ असू दे." तो ओशाळून हसला. "तुम्ही त्यांना जास्त ओळखलंत, दादा."

ह्यांना राहवेना. "वितळली रे ती. तुझ्यासारखंच मशीन आणलंय मी. चोरून."

साडूनं मागं वळून बघितलं. आत बाबा खिडकी चाचपत कुणाला तरी धक्क्याची गोष्ट सांगत होते.

"तीन नंबरवर ठेवलं असेल," तो हळूच म्हणाला. "बाबांना मात्र सांगू नका हं."

रस्ताभर हे खाली मान घालून चालत होते. बोट उशाशी बसली, हवं ते मिळालं, म्हणून मी कोपरानं ढोसलं, "आता तरी हसा की!"

हे थांबले. ते मिनी ग्राइंडर पहिल्यांदा बघितलं होतं, त्या दिवशीचाच चेहरा.

"लेकाचा," म्हणाले, "चांगलासुद्धा आहे गं!"