घरात एकच भाषा

लाँड्रीत ठकीच्या आईचं तोंड बंद म्हणून नसायचं. हॉटेलांच्या चादरी गरम रोलरखालून निघाल्या की दोघींनी मिळून कोपरे धरायचे, झटका द्यायचा, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे सरायचं. समोरची जोडीदारीण तिच्याच भाषेची. मग काय विचारता! लांब असताना आरडाओरडा, जवळ आल्यावर कुजबुज. मुकादमाचा तिरसटपणा, शेजारणीचं भांडण, पहाटे पडलेलं स्वप्न, सगळ्याची घडी चादरीबरोबरच व्हायची. "अगं बाई, श्वास तरी घे!" जोडीदारीण म्हणायची.

आणि हीच बाई घरी आली की मुकी. अगदीच मुकी नाही म्हणा; पण ये, जेव, नको, शाब्बास, झोप. एवढ्यावर कारभार आटपायचा.

त्याचं असं झालं. ठकीला चौथं लागलं तरी तिला धड बोलता येत नव्हतं. हवं ते बोटाने दाखवायची, नाहीतर हात धरून ओढत न्यायची. घरात भाषा दोन. बापाची भाषा गल्लीत, दुकानात, शाळेत, सगळीकडे चालणारी. आईची माहेराहून आलेली. गेल्या वर्षी बालवाडीच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "दोन दोन भाषा ऐकून गोंधळली असेल पोर. एकच काहीतरी धरा." बाई बोलून मोकळ्या झाल्या, पण आईच्या काळजात ते रुतून बसलं. त्याच संध्याकाळी तिने जाहीर केलं, यापुढे पोरीशी एकच भाषा, तीही बापाची. शाळा त्या भाषेत, जग त्या भाषेत. माझ्या भाषेचं तिला काय लोणचं घालायचंय?

नवरा टेम्पो चालवायचा. दमून आलेला. डोकं खाजवत म्हणाला, "अगं, पण तुला माझी भाषा कुठे नीट येते?"

"कामापुरती येते की."

कामापुरतीच येत होती, तिथेच तर गोम होती. त्या भाषेत तिला भाजीचा भाव पाडता यायचा, बसमध्ये जागा मागता यायची. पण पडलेल्या पोरीला उचलून, गुडघ्यावर फुंकर घालत बडबडायचं कसं? लाडाने रागवायचं कसं? शब्द सापडेपर्यंत पोर रडून गप्प झालेली असायची. हळूहळू तिने शब्द शोधणंच सोडलं. गोष्टी गेल्या. हातावरून चालत जाऊन काखेत गुदगुल्या करणारी मुंगी होती, तीही गेली, कारण ती मुंगी आईच्या माहेरचं बोलायची. नवरा टेम्पो लावून यायचा तोवर पोर पेंगुळलेली. घरात आवाज राहिला तो भांड्यांचा.

एवढं करून पोरीच्या तोंडून शब्द म्हणाल तर नाही. शाळेचं वर्ष तोंडावर आलं. न बोलणारी पोर शाळेत कुणाला काय सांगणार, पोट दुखलं तरी कुणाला कळणार, या काळजीने आईचा जीव अर्धा झाला होता. पाठीचा तर चादरी ओढून ओढून आधीच पिट्टा पडलेला.

मुलांना बोलतं करणाऱ्या थेरपीच्या बाईंचा नंबर लागायला महिने गेले. एकदाची ती सकाळ उजाडली. खोलीत सतरंजी, त्यावर खेळणी. थेरपीच्या बाई कोपऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "घरी खेळता तशा खेळा. मी नुसती बघते."

आईने लाकडी गाय उचलली. नवऱ्याच्या भाषेत म्हणाली, "गाय. ही गाय. बघ, गाय." मग तिला पुढे सुचेना. ठकी डब्यात ठोकळे टाकत होती. टाकून झाले की उपडा करायची, पुन्हा टाकायची. आईच्या हातात गाय तशीच.

"घरी एवढंच बोलता?" थेरपीच्या बाईंनी हळूच विचारलं. मग आईने सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत, शेवटी थोड्या अभिमानानेही. वर्षभर माझा शब्द पोरीच्या कानावर पडू दिला नाही, म्हणाली.

थेरपीच्या बाई सतरंजीवर तिच्याजवळ सरकल्या. "दोन भाषांनी मूल मागे पडत नाही हो," त्या म्हणाल्या. "हिला बोलायला उशीर होतोय, तो एका भाषेच्या घरातही झाला असता. आपण मेहनत करू. वेळ लागेल, किती ते मी नाही सांगू शकत. पण तुम्ही तुमच्या भाषेत बोला. भरपूर बोला."

आधी तिला राग आला. बालवाडीच्या बाईंचा, मग या बाईंचा, मग स्वतःचा. अख्खं वर्ष पाण्यात घातलं की मी! बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. डोळे पुसायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

घरी येऊन तिने बटाटे सोलायला घेतले. ठकी समोर फरशीवर सालींशी खेळत बसली. आईने घसा खाकरला. आपल्याच पोरीशी बोलायला इतकी लाज वाटावी? आणि मग ती बोलली, माहेरच्या भाषेत. "काय गं माझे बाई, दमलीस का? मी पण दमले बघ. हा बटाटा किती वाकडा आहे, तुझ्या मामाच्या नाकासारखा."

ठकीने मान वर केली. आईकडे बघितलं, मग दाराकडे, पुन्हा आईकडे. उठली आणि लगबगीने आत गेली. आई थांबली नाही. काय हवं ते बोलत राहिली, पाण्याबद्दल, सुरीबद्दल.

ठकी परत आली ती आईचा मोबाईल घेऊन. तिने तो दोन्ही हातांनी आईच्या कानाला लावला. वर्षभर ही भाषा पोरीने ऐकली होती ती फक्त आई मामाशी, आजीशी फोनवर बोलायची तेव्हा.

"नाही गं, फोन नाही. तुझ्याशीच बोलतेय मी. तुझ्याशी." आईने मोबाईल बाजूला ठेवला. ठकीने तो उचलून पुन्हा कानाला लावला, या वेळी जोरात दाबून. आईने पुन्हा ठेवला, तशी ती रडकुंडीला आली.

तेव्हा आईने बटाट्याचे हात पदराला पुसले आणि तो बंद मोबाईल स्वतःच कानाला धरला. पोरीला ओढून मांडीवर घेतलं, तिच्या डोळ्यांत बघितलं. "हॅलो," ती म्हणाली, "ठकी आहे का घरी? तिची आई बोलतेय."